डोळ्यापर्यंत भरणे

डेपोत नव्याने रुजू होणाऱ्या मुलांसाठी तांत्रिक शब्दांचा एक छोटा कोश हवा होता. ते काम निवृत्त मापाऱ्याकडे आले, आणि प्रशिक्षण अधिकारी बाईंचे बोलणे पुरते ऐकून घेण्याआधीच त्याने ते स्वीकारले.

"मुदत काही नाही, काका," बाई म्हणाल्या. "सवडीनं करा."

सवड ही एकच वस्तू त्याच्याकडे वाटण्याइतकी होती.

मापारी हे त्याचे आडनाव नव्हे. तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन तो डेपोत लागला तेव्हा त्याच्या नेमणूकपत्रावर चांगले लांबलचक पद छापलेले होते. परंतु काम एकच. खाद्यतेलाच्या, मळीच्या, ग्लिसरीनच्या अजस्र लोखंडी टाक्यांवर शिडीने चढायचे, माथ्यावरचे झाकण उघडायचे, पितळी ओळंबा बांधलेली पोलादी पट्टी आत सोडायची आणि माल किती आहे ते सांगायचे. पहिल्याच वर्षी कुणीतरी त्याला मापारी म्हटले आणि ते नाव रंगासारखे चिकटले. पुढे लग्न झाल्यावर बायकोही रागावली की "अहो मापारी" म्हणू लागली. मूलबाळ नव्हते. ती जाऊन आता दोन वर्षे होत आली होती, आणि घरात त्याला कोणत्याच नावाने हाक मारणारे कुणी उरले नव्हते.

कोशाचे काम त्याने रीतसर आखले. सकाळचा चहा झाल्यावर स्वयंपाकघरातील टेबल कोरड्या फडक्याने पुसायचे, इंग्रजी वर्णक्रमाने पुढचा शब्द घ्यायचा, त्याचा अर्थ लिहायचा, तो मोठ्याने वाचायचा आणि शिकाऊ मुलाला कळेल का हे स्वतःला विचारायचे. कळणार नसेल तर पुन्हा लिहायचे. असे करत करत तो वर्णमालेच्या शेपटाशी आला, आणि तिथे, यू या अक्षराखाली, "अलिज" हा शब्द उभा होता.

हा शब्द डेपोबाहेर फारसा कुणाला ठाऊक नसतो. आत मात्र त्यावाचून पान हलत नाही. टाकीतला माल दोन रीतींनी मोजता येतो. ओळंबा तळाला टेकवून द्रवाची उंची घ्यायची, ही एक रीत. पण मळीसारखा दाट माल असला तर ओळंबा तळाला जाता जात नाही. मग दुसरी रीत. झाकणाच्या कडेवरील खुणेपासून द्रवाच्या पृष्ठभागापर्यंत किती अंतर रिकामे आहे तेवढेच मोजायचे आणि टाकीच्या एकूण उंचीतून ते वजा करायचे. हे रिकामे अंतर म्हणजे अलिज. खालच्या मजुरांनी त्याला आपला शब्द दिला होता, उणं. पंपाजवळ उभा राहून भोंगा ओरडायचा, "उणं बोला, भाऊजी!" आणि माथ्यावरून मापारी आकडा सांगायचा.

भोंगा म्हणजे पंपचालक, मापाऱ्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. पंपाच्या घरघरीवरही ऐकू जाईल असा आवाज देवाने त्याला दिला होता, म्हणून ते नाव. डेपोत आधी ओळख झाली ती या दोघांची. सोयरिक नंतर झाली. "बहीण देऊन साहेब आणला," असे भोंगा लोकांना सांगत असे.

मापाऱ्याने अर्थ लिहिला आणि खाली नियम जोडला. टाकी कधीही काठोकाठ भरू नये. उन्हाने द्रव प्रसरण पावतो. त्याला वाढायला जागा नसेल तर तो उतू जातो किंवा टाकीचे सांधे उकलतो. उणे राखणे हा निष्काळजीपणा नसून शिस्त आहे. हा नियम त्याने आयुष्यभर पोरांना घोकवला होता. त्याच्याच जोडीचा दुसरा नियम असा, की उन्हात तापलेल्या टाकीचे झाकण उघडायचे नाही, ती निवू द्यायची. तोही त्याने लिहिला.

इथे थांबला असता तर काम संपले असते. पण प्रत्येक शब्दाचे मूळ द्यायचे असे त्याने स्वतःच ठरवून टाकले होते. बाईंनी ते मागितले नव्हते. त्यामुळे दर दोन दिवसांनी सार्वजनिक वाचनालयात जाऊन मोठा इंग्रजी शब्दकोश उघडण्याचे निमित्त मिळे, आणि तिथे निदान माणसांच्या खोकल्याचा आवाज असे.

त्या दिवशी त्याने "अलिज"चे मूळ काढले आणि चष्मा पुसून पुन्हा वाचले. शब्द जुन्या फ्रेंचमधून आलेला. वाइनचे लाकडी पिंप आडवे ठेवतात; त्याच्या पोटाशी, वरच्या अंगाला, एक गोल भोक असते, बुचाने बंद करायचे. त्या भोकाला ते लोक डोळा म्हणत; आणि डोळा हा शब्द थेट लॅटिनमधल्या डोळ्यापर्यंत मागे जातो. पिंप त्या डोळ्यापर्यंत भरणे, या क्रियेचा तो मूळ शब्द. भरण्याचा. इंग्रजीत येऊन तोच शब्द न भरलेल्या जागेचे नाव होऊन बसला.

तंत्रनिकेतनात शिकलेल्या माणसाला हे सहन होण्याजोगे नव्हते. घरी पोचताच त्याने बाईंना फोन लावला.

"बाई, या शब्दात गोंधळ आहे."

"कसला, काका?"

"हा मुळात भरण्याचा शब्द आहे. मग त्याचा अर्थ रिकामी जागा कसा होईल?"

"काका, शब्दच तो. आपल्याकडे नाही का माणूस 'येतो' म्हणतो आणि निघून जातो? त्याचं काय करता?"

मापारी हसला. बाईही हसल्या. "दोन ओळी पुरेत हं, काका, पोरं त्याच्यापुढं वाचत नाहीत," असे म्हणून त्यांनी फोन ठेवला. हसू मात्र मापाऱ्याच्या तोंडावर क्षणभर तसेच राहिले, कारण ते कुठे ठेवावे हे त्याला कळेना.

तो पुन्हा टेबलाशी बसला. पिंप डोळ्यापर्यंत भरण्याचा एवढा खटाटोप का, याचे उत्तर त्याला वाचनालयातल्याच दुसऱ्या एका पुस्तकात मिळाले होते. लोखंडी टाकी श्वास घेत नाही, लाकूड घेते. पिंपाच्या फळ्या आतली वाइन शोषतात, तिची वाफ बाहेर सोडतात, आणि बूच घट्ट असूनही आतली पातळी उतरत जाते. वर हवा साचते. त्या हवेने वाइन आंबते. म्हणून तळघरातला माणूस हातात झारी घेऊन ठरावीक दिवसांनी पिंपांमधून फिरतो, एकेक बूच काढतो आणि घटलेले तेवढे भरून देतो.

मापाऱ्याला हे रुचले नाही. त्याच्या सबंध नोकरीत माल घटला तर त्याला कारण असे. गळती, चोरी किंवा चुकलेले मोजमाप. कारण सापडेपर्यंत तो घरी जात नसे. आणि इथे कुणी काही काढले नाही, कुठे भेग नाही, मोजणारा चुकला नाही, तरी आपोआप उणे वाढते! अशा घटीचा अहवाल कुणावर लिहायचा?

दुसऱ्या दिवशी तो केस कापायला गेला. न्हावी बोलघेवडा होता. त्याच्या कात्रीपेक्षा जीभ धारदार, असे गल्लीत म्हणत.

"मग, तुमचे मेव्हणे शनिवारी निघाले म्हणायचे," मानेवर कापड बांधता बांधता न्हावी म्हणाला.

"हो," मापारी म्हणाला. आरशात त्याला स्वतःचा चेहरा दिसत होता. तो हलला नाही.

"घर चांगल्या भावात गेलं म्हणे. लेकीकडे कायमचंच जायचं म्हणजे... एका दिवसाचा प्रवास आहे हो तो. आता कुठलं येणं-जाणं! तुम्ही जाणार असाल ना पोचवायला?"

"बघू."

"बघू काय? तुमचं दुसरं आहे कोण, साहेब?" न्हावी सहज म्हणाला, आणि कात्री चालू लागली.

घरी येऊन मापारी बराच वेळ बूट न काढता बसून राहिला. भोंगा गाव सोडून चालला होता आणि हे त्याला न्हाव्याकडून कळावे! भांडण झाले होते का? त्याने आठवून पाहिले. नव्हते. बायको गेली तेव्हा भोंगा आणि त्याची बायको आठवडाभर इथे राहिली होती. भोंग्याने त्या दिवसांत एकदाही आवाज चढवला नव्हता. मग ती दोघे आपल्या घरी गेली. मापाऱ्याने ठरवले, की त्याचीही सख्खी बहीण गेली आहे. उगीच जाऊन जखम उघडू नये, थोडा अवधी द्यावा. तो देत राहिला. पहिल्यांदा महिनाभर, मग एक ऋतू, आणि नंतर इतके दिवस लोटले की जायला काही कारण लागेल असे वाटू लागले. कारण काही सापडले नाही.

आता शनिवारनंतर सापडले तरी उपयोग नव्हता. भोंगा तसाच निघून गेला, तर आपण कुणाचे काही होतो याला साक्षीदार उरणार नाही, हे मापाऱ्याला स्वच्छ दिसले. तो उठला आणि निघाला. वाटेत त्याने एक निमित्त जुळवून ठेवले. कोशासाठी खालच्या लोकांचे शब्द विचारायचे आहेत, असे सांगायचे.

भोंग्याचे दार उघडेच होते. आत खोक्यांचे ढीग, दोऱ्या, भिंतींवर तसबिरी काढल्याचे फिकट चौकोन. भोंगा गुडघ्यावर बसून खोक्याला चिकटपट्टी लावत होता. तो वाळला होता. आवाज तोच होता.

"अगं ए, बघ कोण आलंय! मापारी! काय भाऊजी, वाट चुकलात का?"

"चुकायला काय झालं? वाट तीच आहे."

"तीच आहे होय! आम्हाला वाटलं, मधला पूल पडला."

"अहो, आधी आत तर येऊ द्या त्यांना," वहिनी कमरेचा पदर सोडत पुढे आल्या. "बसा भाऊजी. खुर्च्या बांधल्या आहेत, त्या खोक्यावर बसा. त्यात गाद्या आहेत."

"आणि शेजारच्यावर बसू नका. त्यात हिचा काचेचा संसार आहे. फुटला तर मला लेकीच्या दारात उभं करणार नाही ही."

कपही बांधून झाले होते. वहिनींनी वाटीत चहा आणला. तिघांच्या वाट्या वेगवेगळ्या मापांच्या होत्या, आणि मोठी वाटी पाहुण्याकडे आली. या घरात मापाऱ्याला आजवर मोठी वाटी कुणी दिली नव्हती. तो स्वयंपाकघरात जाऊन स्वतःच्या हाताने घेत आला होता.

"डेपोनं एक काम दिलंय," त्याने सुरुवात केली. "शब्दांचा कोश. तर म्हटलं, खाली तुम्ही लोक जे शब्द वापरायचात, ते विचारावेत."

भोंग्याने वाटी खाली ठेवली.

"त्यासाठी आलात?"

वहिनी खिडकीकडे बघू लागल्या.

"नाही," मापारी म्हणाला. "न्हाव्याकडून कळलं म्हणून आलो."

"न्हाव्याकडून." भोंग्याचा आवाज पहिल्यांदाच उतरला. "सांगणार होतो, भाऊजी."

"कधी?"

"तुम्ही फोन कराल तेव्हा."

"आणि मी केलाच नसता तर?"

"तेच म्हणत होते मी," वहिनी म्हणाल्या. "तेच! पण ऐकतंय कोण?"

"तू थांब गं. भाऊजी, खरं सांगू? पहिल्यांदा वाटलं, तुम्हीच तापलेले असाल. तापलेल्या टाकीचं झाकण उघडायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना? एकदा उघडलं होतं तर तीन दिवस बोलला नव्हतात माझ्याशी. म्हटलं, निवू दे."

"मीही तेच म्हटलं. तुझ्याबाबत."

"घ्या!" वहिनी म्हणाल्या. "दोघंही टाक्या. आणि मी आपली मध्ये बादली."

भोंगा खो खो हसला. मापाऱ्यालाही हसू आले, पण वहिनी हसत नव्हत्या.

"अक्कांचा फोन यायचा, भाऊजी," त्या म्हणाल्या. "दर गुरुवारी, दुपारची भांडी झाली की. बारा महिने. ताप असला तरी. त्या गेल्यावर पहिल्या गुरुवारी हे फोनपाशी जाऊन बसले. मी म्हटलं, अहो, आता कोण करणार? तर म्हणाले, भाऊजी करतील. तसे सात-आठ गुरुवार बसले हे."

"काहीतरी सांगू नकोस," भोंगा म्हणाला, पण त्यात जोर नव्हता.

मापाऱ्याला गुरुवारच्या त्या दुपारी आठवल्या. बायको आतल्या खोलीत फोनवर बोलत असे: कुणाच्या गुडघ्याचे, कुठल्याशा पडद्याच्या कापडाचे, काल कुकरने कशी शिटीच दिली नाही त्याचे. त्याला वाटे, किती ही फुकाची बडबड. तो रेडिओ मोठा करीत असे. तिने काही बांधून ठेवले आहे आणि त्याला निगा लागते, हे त्याच्या कधी ध्यानात आले नाही. आणि तिनेही कधी तसे बोलून दाखवले नाही.

मग त्याने शब्दाचीच गोष्ट सांगितली. पिंप, त्याचा डोळा, श्वास घेणारे लाकूड आणि झारी घेऊन फिरणारा माणूस. भोंगा लक्ष देऊन ऐकत होता. यंत्राचे काही असले की तो असाच ऐके.

"म्हणजे गळती नाही?"

"नाही."

"आणि तरी घटतं?"

"घटतं."

"आणि तो झारीवाला मेला तर?"

"मग दुसरा ठेवतात."

"ठेवतात होय?" भोंगा म्हणाला, आणि चिकटपट्टीचे टोक नखाने शोधू लागला. ते त्याला बराच वेळ सापडले नाही.

मापारी संध्याकाळपर्यंत थांबला. जायलाच हवे का, असे त्याने एकदा विचारले. वहिनींनी नुसते भोंग्याच्या गुडघ्यांकडे आणि मग जिन्याकडे बोट दाखवले. मग त्याने बाह्या दुमडल्या आणि उरलेली भांडी खोक्यात भरायला घेतली. आयुष्यभराच्या सवयीने त्याने वर चांगली वीतभर जागा मोकळी सोडली.

"हे काय, भाऊजी?" वहिनींनी जुन्या साड्यांचे बोळे आणून ती जागा ठासून भरली. "पोकळ ठेवलं की आत आपटतं. रस्ताभर आपटत जाईल, आणि लेकीकडे नुसत्या कपच्या पोचतील."

पुढची खोकी त्याने त्यांच्या पद्धतीने भरली.

शनिवारी ट्रक आला. मापारी पहाटेच जाऊन उभा राहिला, हमालांना उगीच सूचना देत राहिला आणि त्यांच्या शिव्या खात राहिला. निघताना भोंग्याने त्याचा हात हातात घेतला. दोघांनाही पुढे काय करतात ते माहीत नव्हते, म्हणून तो नुसता हलवला आणि सोडला. गाडी वळणापलीकडे गेली. मापारी रिकाम्या घराचे फाटक लावून परतला.

सोमवारी त्याने कोशातली नोंद पूर्ण केली. दोन ओळींत ती बसली नाही. मूळ अर्थ त्याने तसाच राहू दिला. बाईंना वाटले तर त्या कापतील. मंगळवारी पुढचा शब्द घेतला. बुधवारी काही घेतला नाही.

गुरुवारी दुपारी त्याने भांडी घासली. एक ताट, एक वाटी, एक पातेले; ती लगेच संपली. मग तो आतल्या खोलीत गेला, बायको बसे त्या खुर्चीवर बसला आणि नवा क्रमांक फिरवला.

"हॅलो! कोण?"

"मी."

"मी कोण?"

"मापारी."

"हां, भाऊजी! काय झालं?"

"झालं काही नाही."

"मग?"

"गुरुवार आहे."

मग भोंगा खाकरला.

"बरं, बरं. जेवलात?"

"जेवलो. तू?"

"मघाशीच. इथं लवकर जेवतात."

"गुडघे?"

"आहेत जागच्या जागी. तिकडे काय विशेष?"

मापाऱ्याने विचार केला. तासभर बोलायला ती एवढे कुठून आणत असे? विशेष असे काहीच घडले नव्हते.

"नळ गळत होता मोरीतला," तो म्हणाला. "वॉशर बदलला."

"चामडी घातलात की रबरी?"

"रबरी."

"चुकलात. चामडी टिकतो."

"आता पुढच्या वेळी."

"बाकी?"

"बाकी काही नाही. तुझं?"

"माझंही काही नाही."

बोलणे संपले होते, हे दोघांनाही कळले. मापाऱ्याने खुर्चीच्या हातावरून बोट फिरवले. तिथला रंग एका जागी उडाला होता.

"ठेवू का मग?" भोंग्याने विचारले.

"घाई आहे का?"

"मला कसली घाई, भाऊजी? दिवसभर खिडकीत असतो."

"मग राहू दे जरा."

"बरं."

कुणी फोन ठेवला नाही. पलीकडच्या अनोळखी घरात कुठेतरी पंखा फिरत होता. एक दार वाजले. मग लांबून वहिनींचा आवाज आला, चहाची गाळणी कुठे गेली म्हणून, आणि भोंगा फोन तोंडाशी असतानाच जुन्या सवयीने गरजला, "खोक्यात बघ!" मापाऱ्याने फोन चटकन कानापासून दूर धरला, आणि आवाज ओसरल्यावर पुन्हा कानाशी नेला.